कोतराच्या पुराणास आमची संमती

उत्तरायण होऊन आठवडा उलटला की बडोदं एकदम गप्प होतं. गच्च्यांवरचे लाउडस्पीकर उतरलेले असतात, विजेच्या तारांवर आणि आसोपालवाच्या शेंड्यांवर फाटके पतंग लोंबत असतात, बोटांवरचे मांज्याचे चरे भरत आलेले असतात. नाक्यावरच्या गाडीवर कोवळ्या ज्वारीचा पोंक आणि लिंबू-मिऱ्याची शेव मिळते. ऊन असं पडतं की त्याला पाठ देऊन तासभर बसावं. याच उन्हासाठी विश्वामित्री नदीतल्या मगरी काठावर येतात. एके काळी वर्षभरात हेच दिवस मला सगळ्यांत आवडायचे. आता याच दिवसांत माझं डोकं फिरलेलं असतं, आणि घरातले एकमेकांना सांगतात, जानेवारी आहे, आईच्या नादी लागू नका.

यंदा तर घरी निमंत्रणच आलं. जाड, गुळगुळीत कार्ड, वर टोपी घालून हसणारी मगर. नदीचा आणि तिच्यातल्या प्राण्यांचा कौटुंबिक मेळा, पंचवीस वर्षांनी पुन्हा, आमच्या गल्लीमागच्या बागेत. खाली हातानं लिहिलेली चिठ्ठी : मॅडम, नदीच्या जुन्या गोड आठवणी दोन शब्दांत सांगाल ना?

गोड! त्या बागेच्या खाली एक अख्खं कोतर पुरलेलं आहे. ते पुरायला लोकांची संमती ज्या कागदावर घेतली, त्यावरचं मराठी माझं होतं, अक्षर माझं होतं. आणि त्याचा दोष शेवटपर्यंत माझ्या बाबांनी घेतला. दोन शब्दांत काय सांगू, कपाळ?

कोतर म्हणजे घळ. विश्वामित्री सरळ वाहणारी नदी नाही, ती शहरातून वळणं घेत, रमतगमत जाते, आणि दोन्ही बाजूंना मातीत अशा घळी पाडून ठेवते. आमच्या घराच्या मागच्या पायरीवरून वीस पावलं गेलं की आमचं कोतर. गांडो बावळ म्हणतात त्या काटेरी झुडपांची दाटी, त्यात मुंगसं, साळुंक्या, भारद्वाज, आणि तळाशी हिरवट पाणी. त्या पाण्याला वास होता हे मी नाकारत नाही. शहर आपली घाण तिच्यात सोडून वर नाक मुरडत होतं. पण सकाळी आठला समोरच्या उतारावर ऊन आलं की पाणी हलायचं, आणि एक नऊ फुटी मगर सावकाश, पोट घासत, वर येऊन पडायची. तोंड उघडं ठेवून. बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणायचे, "आल्या बाईसाहेब."

बाबा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. बाईसाहेबांना ते बारा वर्षं ओळखत होते. दर वर्षी होळीच्या आसपास ती त्याच उतारावर, त्याच दोन हातांच्या जागेत खड्डा उकरून अंडी घालायची. "मगर बाळंतपणाची जागा बदलत नाही," बाबा सांगायचे. उन्हाळा संपता संपता पिल्लं मातीतून ओरडायची, आणि ही प्रचंड बाई आपल्या त्या जबड्यात एकेकाला अलगद उचलून पाण्यात नेऊन सोडायची. शेजारच्या कुसुमकाकू आमच्या पायरीवर बसून हे बघताना पदर तोंडाला लावायच्या. "मास्तर, आमच्या सासूबाईंपेक्षा प्रेमळ हो ही!" काकू गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. त्यांचे यजमान सकाळची बस धरून कोयलीला रिफायनरीत जायचे, आणि ते गेले की काकू हातातलं काम सोडून पाच मिनिटं मगर बघायला यायच्याच. घाबरायचं कुणी नाही. आम्ही तिच्या वाटेला जात नव्हतो, ती आमच्या वाटेला येत नव्हती.

मग ते दिवस आले. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. अलकापुरीत रोज एका दुकानाला काच लागत होती. केबलवाला गच्चीगच्चीवरून तारा ओढत फिरत होता. कालपर्यंत जमीन म्हणजे जमीन होती, ती एकाएकी ‘लोकेशन’ झाली. जो तो विकास म्हणत होता. पानवाला म्हणत होता, दूधवाला म्हणत होता. मीही म्हणत होते, खोटं कशाला बोलू? एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात होते, आणि आपल्या गावात काहीतरी नवं होतंय म्हणून हुरळून गेले होते.

अशात एका जानेवारीत, उत्तरायण होऊन गेल्यावर, सफारी सूटातले एक गृहस्थ घरी आले. मराठी, आपल्यातलेच. बुटाला चिखल लागू नये म्हणून पाय उचलून उचलून टाकत होते. म्हणाले, "मास्तर, नदीचा मेळा भरवतोय. मुलाबाळांसकट सगळ्या कुटुंबांनी यायचं. नदी ओळखायची, मगर ओळखायची. तुमच्याशिवाय कोण करणार?" बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून शाळेत लोकांनी त्यांची टिंगल केली, ती गोष्ट कुणीतरी घरी येऊन आदरानं मागत होतं. बाबांनी स्वतः उठून चहा केला.

जाताना त्यांनी एक कागद ठेवला. डावीकडे छापील गुजराती, उजवी बाजू कोरी, खाली सह्यांच्या रेघा. "तुमच्या गल्लीत मराठी घरं जास्त. शेजारी मराठीतही लिहा, वयस्कर मंडळींना बरं वाटेल. एवढ्या सह्या झाल्या की आम्ही मोकळे." बाबांनी कागद माझ्याकडे दिला. माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत भाषांतरकार होते. कायद्यातल्या एकेका शब्दाला मराठीत आणि गुजरातीत नेमका शब्द शोधायला ते आठवडा आठवडा घालवत. त्यांचं अक्षर माझ्यात आलंय असं घरात सगळे म्हणायचे. अक्षर आलं होतं. आठवडा घालवायची अक्कल आली नव्हती. मी पंधरा मिनिटांत काम उरकलं.

गुजरातीत होतं : ‘कोतरना पुराण तथा विकास माटे अमारी संमति छे.’ मी टाक घेऊन झोकात लिहिलं : ‘कोतराच्या पुराणास व विकासास आमची संमती आहे.’

शब्द तोच होता ना! पुराण. आमच्या घरात रोजच्या बोलण्यातला. मेळ्याच्या कार्यक्रमात संध्याकाळी एक कथाकार येणार होते, विश्वामित्र ऋषींची आणि पावागढची कथा सांगायला. मला वाटलं, स्थळपुराण असतं तसं कोतराचं पुराण. घरांच्या मागे लाउडस्पीकर लावून कथा सांगणार, म्हणून शेजाऱ्यांची परवानगी घेतायत. किती सभ्य माणसं! विकास म्हणजे दोन बाकं, एक पायवाट. आम्ही बडोदेकर मराठी गुजराती बोलतो फर्डं, पण ती भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि मैत्रिणीशी. कचेरीतली गुजराती वेगळी, हे मला कुठे ठाऊक होतं?

बाबांनी डावीकडचं वाचलं नाही. लेकीनं लिहिलेलं उजवीकडचं वाचलं, "वा!" म्हणाले आणि पहिली सही केली. मग संध्याकाळभर दारोदार फिरले. लोकांनी तर उजवीकडचंही वाचलं नाही. मास्तर आलेत म्हटल्यावर वाचायचं काय? कुसुमकाकू मशीनवरून उठल्या, बोटातलं अंगुस्तान न काढताच सही केली, आणि म्हणाल्या, "च्या पिऊन जा ने मास्तर." दुसऱ्या दिवशी सफारीतल्या गृहस्थांनी कागद घेतला. माझं मराठी त्यांनी उभ्या उभ्या, अथपासून इतिपर्यंत वाचलं. मी समोर होते. म्हणाले, "सुंदर अक्षर."

मेळा झाला. काय मेळा झाला! हे कबूल करताना मला आजही स्वतःचा राग येतो, पण इतकी मजा मी त्याआधी कधी केली नव्हती. कागदाच्या लगद्याची वीस फुटी मगर होती, मोटर लावून शेपूट हलवणारी. सेव-उसळीच्या गाडीवरून तिखट रश्श्याचा वास, फुगेवाल्यांकडे मगरीचे हिरवे फुगे. बाबांनी वाळूत मगरीचं घरटं केलं होतं. अंडी म्हणून त्यांनी शाळेतून टेबलटेनिसचे चेंडू आणले होते, आणि ते वाळू उकरून उकरून दिवसभर दाखवत होते, अंडी कशी खोल असतात, ऊब कशी मिळते, आई कशी जवळ पडून राहते. घसा बसला तरी थांबेनात. "बोलो बच्चाओ, केटलां इंडां?" मुलं अंडी मोजून ओरडत होती, "त्रीस!" कुसुमकाकूंनी लहान मुलांसाठी हिरव्या कापडाचे मगरीचे मुखवटे शिवून दिले होते, त्यात दातांना पांढरी फीत लावली होती. संध्याकाळी कथाकार आले. त्यांनी सांगितलं, ऋषींची गाय दरीत पडली, म्हणून ऋषींनी देवाला विनवून ती दरी भरून घेतली. दरी भरली म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज वाटतं, त्या मांडवात एक माणूस मनात किती हसला असेल.

होळीला दहाबारा दिवस होते. सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते तर जमीन थरथरली. डंपर उलटे येत होते. पाडलेल्या इमारतींचा मलबा, विटा, लाद्या, संडासाची फुटकी भांडी, सगळं धडधडत कोतरात. मी तशीच धावले. ड्रायव्हरनं हात केला. "बेन, पाछा जाव. पुराण चालु छे."

"शानुं पुराण?" मी विचारलं. कसलं पुराण?

"माटीनुं, बेन. आखुं कोतर पूरी देवानुं छे."

पूरवुं म्हणजे भरणं, बुजवणं. त्यावरून पुराण. मराठीत आपण भराव म्हणतो. तो ड्रायव्हर मला शांतपणे, लहान मुलीला सांगावं तसं सांगत होता, आणि माझ्या हातातली बाबांची ओली बनियन पिळलेलीच राहिली होती.

आठ दिवसांत कोतर सपाट. आणि नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी बाईसाहेब आल्या. नदीच्या बाजूनं त्या मलब्यावर चढून, बरोबर जिथे त्यांचा उतार होता, तिथे. खाली दोन पुरुष खोल विटा होत्या. तिनं उकरलं होतं. पायांची नखं तुटून रक्त आलं होतं. मग अडवेना तेव्हा उघड्यावरच अंडी घातली होती. काही घरंगळून लादीवर फुटली होती. बाकीची मार्चच्या उन्हात पडली होती आणि ती शेजारी जबडा वासून, जवळ येणाऱ्या प्रत्येकावर फुत्कारत होती. गल्ली जमली. बाबा चपला न घालता तिथे उभे होते. कुणीतरी वनखात्याला फोन केला, ती माणसं दुपारी आली. तोवर त्या अंड्यांत काही उरलं नसणार, हे बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. मला आजवर कुणाही माणसाचा इतका राग आलेला नाही जितका त्या दिवशी तिथे उभं राहून चणे खाणाऱ्यांचा आला. आणि त्यांचा काय दोष होता? मी तरी काय करत होते? बघतच होते.

आम्ही दोघं अलकापुरीतल्या त्या ऑफिसात गेलो. नवी काच, नवा गालिचा, घामाला गार करणारं एअरकंडिशन. गृहस्थांनी थंड पेय मागवलं. बाबा म्हणाले, "तुम्ही फसवलंत." गृहस्थांनी ड्रॉवरमधून कागद काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, लपवलं कुठे? गुजरातीत स्वच्छ लिहिलंय. पहिली सही तुमची आहे. आणि मराठी तर तुमच्या मुलीचंच."

"तुम्ही वाचलं होतंत," मी म्हटलं. "तुम्हाला मराठी येतं. तुम्हाला कळलं होतं."

ते हसले. "बेटा, मी कोण तुझं मराठी सुधारणारा? भाषांतरकारांचं घराणं तुमचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती बाटली त्यांच्या तोंडावर मारावी असं वाटलं. बाबांनी माझा दंड धरून मला बाहेर आणलं. जिन्यात थांबले आणि म्हणाले, "मराठी कुणी लिहिलं हे गल्लीत कुणाला माहीत नाही. माहीत व्हायचंही नाही. तुला अजून शिकायचंय, लग्न व्हायचंय. सह्या मी गोळा केल्यात, मी बघून घेईन." मी ‘नाही बाबा’ म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली.

त्याचं पुढे काय होणार हे त्याच साली श्रावणात कळलं. नदी फुगली की पूर्वी वरचं पाणी आमच्या कोतरात शिरून गप्प बसायचं. आता कोतरच नव्हतं, तर पाणी आमच्या गल्लीत आलं. कुसुमकाकूंच्या घरात कमरेइतकं. शिलाई मशीन गेलं, लोकांची कापडं गेली, लग्नसराईची आगाऊ घेतलेली कामं गेली. पाणी ओसरल्यावर त्या आमच्या दारात आल्या, अंगावरची साडी अजून गढूळ. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "मास्तर, मी तो कागद वाचला नाही. तुम्ही आणलात म्हणून सही केली. माझी सही विकलीत तुम्ही." बाबा म्हणाले, "चूक झाली वहिनी." बस, एवढंच. मी आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं.

गल्लीत बाबांना मास्तर म्हणणं थांबलं. ‘कागदवाले’ म्हणू लागले. बाबा मागच्या पायरीवर बसायचे थांबले, बघायला तिथे होतं काय, तर रोलर फिरवलेली लाल माती आणि पुढे घसरगुंडी. बाग झाली. लोक सकाळी तिथे फेऱ्या मारू लागले, आणि फेऱ्या मारता मारता बाबांच्या खिडकीकडे न बघायची त्यांना सवय झाली. दहा वर्षांनी बाबा गेले. खांदा द्यायला गल्लीतून दोघं आले. कुसुमकाकूंच्या घराची खिडकी बंद होती.

तर मी यंदा मेळ्याला गेले. तेच आवाज, तेच फुगे, सेव-उसळीचा तोच वास. ते गृहस्थ नव्हते, त्यांचा मुलगा होता, अगदी नम्र. निवेदिकेनं माझं नाव घेतलं. मी माइक धरला आणि गोड आठवणी सोडून सगळं सांगितलं. कागद, सही, उजवी बाजू. म्हटलं, सह्या माझ्या वडिलांनी गोळा केल्या, पण खोटं त्यांनी नाही लिहिलं, चुकीचं मी लिहिलं. पुराण म्हणजे काय हे मला कळलं नाही. मी दोन्ही अर्थ सांगितले.

आणि लोक हसले. आधी मागचे, मग सगळे. टाळ्या वाजल्या. निवेदिका माइक ओढून घेत म्हणाली, "वाह मॅडम, केटली मजानी वात!" मी माइक परत घेतला. "हसू नका," मी ओरडले, "तुम्ही जिथे बसला आहात ना, तिथे खाली..." पण तोवर कुणीतरी गाणं लावलं होतं.

मी खाली उतरले. दुसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत कुसुमकाकू बसल्या होत्या. ऐंशीला आल्या आहेत, सुनेनं धरून आणलं होतं. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"माधवी, मास्तर मला का नाही बोलले?"

"माझं नाव येऊ नये म्हणून."

"आणि तू? तू ग?"

मनगटावरची पकड सुटत नव्हती.

"रोज माझ्या दारावरून जायचीस. रस्त्यात मास्तर समोर आले तर मी पदर ओढून पलीकडे व्हायची, हे तू बघायचीस. गेले तेव्हा मी खिडकी लावून आत बसले होते." त्यांचा आवाज चढला, पण गाण्यात बाकी कुणाला तो ऐकू गेला नाही. "एकोणीस वर्षांची पोर होतीस. तुझ्यावर मी चार दिवस रागावले असते ग. चार दिवस. मग संपलं असतं."

त्यांनी माझं मनगट सोडलं, सुनेच्या हाताला धरून उठल्या, आणि तिला म्हणाल्या, "चल, घरी चल. इथे मला बसवत नाही."